बिल्ला, नाणं आणि अंचे

नाणं खरं की खोटं हे आपल्याकडे डोळ्यांपेक्षा कानांनीच अधिक ठरत आलं. दुकानदार रुपया फरशीवर टाकायचा आणि आवाज ऐकायचा. 'खणखणीत' हे विशेषण आपण आजही माणसाच्या बोलण्याला आणि चारित्र्याला लावतो, त्यात त्या फरशीचा आवाज आहे. मी ज्या नाण्यांविषयी लिहिणार आहे तीही आपटूनच दाखवायची असतात. फक्त ती बाजारात चालत नाहीत. त्यांच्यावर चहाचा कपसुद्धा मिळायचा नाही. उलट, ऐन वेळी ती खिशात सापडली नाहीत तर दुसऱ्यांच्या पेल्यांचे पैसे भरावे लागतात.

अमेरिकन सैन्यात त्यांना 'चॅलेंज कॉइन' म्हणतात. तळहाताच्या खळग्यात बसेल एवढी धातूची चकती, एका बाजूला पलटणीचं चिन्ह, दुसऱ्या बाजूला ब्रीदवाक्य किंवा एखाद्या मोहिमेचं नाव. चार सैनिक एकत्र बसलेले असताना एकाने आपलं नाणं टेबलावर आपटलं की बाकीच्यांनी आपापलं काढून दाखवायचं. ज्याच्याकडे नसेल त्याने सगळ्यांचे पैसे द्यायचे. सगळ्यांकडे निघालं तर आव्हान देणाऱ्याने. दुसरी रीत याहून गंभीर आहे. वरिष्ठ अधिकारी हस्तांदोलन करतो आणि त्याच्या तळव्यातलं नाणं न बोलता समोरच्याच्या तळव्यात जातं. ना कागद, ना सही, ना टाळ्या. तुझं काम मी पाहिलं, एवढाच त्याचा अर्थ.

या प्रथेच्या जन्माची एक गोष्ट सांगतात. पहिल्या महायुद्धात एका श्रीमंत अधिकाऱ्याने आपल्या वैमानिकांसाठी कांशाची पदकं पाडून घेतली. त्यातला एक जर्मनांच्या हाती लागला, निसटला, आणि फ्रेंचांनी त्याला हेर समजून गोळी घालायचं ठरवलं. गळ्यातल्या पदकावरचं चिन्ह एका फ्रेंच सैनिकाने ओळखलं म्हणून तो वाचला. गोष्ट चांगली आहे, पण तिला आधार देणारा कागद नाही. प्रथेचा भक्कम माग लागतो तो १९६० च्या दशकात, अमेरिकेच्या विशेष दलांमध्ये. तरी दंतकथा टिकली याचं कारण तिच्यात प्रथेचं मर्म आहे: परक्या मुलखात, गणवेश आणि कागदपत्रं हरवलेल्या माणसाला आपण कोण हे सिद्ध करायचं आहे, आणि त्याच्यापाशी धातूचा एक तुकडा तेवढा उरला आहे.

ही नाणी लढणाऱ्या पलटणींमध्ये सुरू झाली, पण त्यांचा अर्थ सर्वांत खोल उतरतो तो संदेशवहनाच्या बंद पडलेल्या शाखांमध्ये. मोर्स ऐकणारे, बिनतारी यंत्रावर बसणारे, दिव्यांनी आणि झेंड्यांनी जहाजाशी जहाजाचं बोलणं करून देणारे लोक आता निवृत्त झाले आहेत, आणि त्यांच्या मागोमाग त्यांचा धंदाही निवृत्त झाला आहे. अमेरिकन नौदलात 'रेडिओमन' हे पदनाम १९९९ मध्ये गेलं आणि 'सिग्नलमन' २००३ मध्ये. फ्रेंच नौदलाने १९९७ च्या जानेवारीअखेर मोर्सचा निरोप घेतला. १ फेब्रुवारी १९९९ पासून समुद्रावरच्या संकटसंदेशांसाठी उपग्रहांवर आधारलेली नवी व्यवस्था पूर्णपणे लागू झाली आणि जहाजावर मोर्स जाणणारा माणूस असणं गरजेचं राहिलं नाही. तोफखान्याचा माणूस निवृत्त झाला तरी तोफखाना राहतो. यांचं तसं झालं नाही.

त्यात या लोकांची आणखी एक अडचण. त्यांच्या कामाची पहिली अटच मौन. १९२८ ते १९४१ या काळात वॉशिंग्टनमधल्या नौदलाच्या इमारतीच्या गच्चीवर एक खोली बांधून १७६ जणांना जपानी मोर्स ऐकायला शिकवलं गेलं. खाली काम करणाऱ्यांना वर काय चालतं ते ठाऊक नव्हतं. 'गच्चीवरची टोळी' असंच त्यांचं नाव पडलं. अशा माणसाने म्हातारपणी नातवाला काय सांगायचं? लढाईची गोष्ट नाही, जखम नाही, दाखवायला हत्यार नाही. चार भिंतींत कानाला यंत्र लावून वर्षानुवर्षं ऐकत बसलो, आणि काय ऐकलं ते सांगायचं नाही. त्याच्या हातात नाणं दिलं की तोंड न उघडता एक वाक्य बोलता येतं: मी तिथे होतो.

मी म्हैसूरला राहतो. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड. या गावात संदेशवहनाच्या एका फार जुन्या, केव्हाच निवृत्त झालेल्या शाखेचं नाव रोज डोळ्यांपुढून जातं. टपाल कचेरीवरच्या कन्नड पाटीवर 'अंचे' हा शब्द असतो. आपण मराठीत 'टपाल' म्हणतो, हिंदीत 'डाक', आणि कन्नडात 'अंचे'. आज तो साधा सामान्यनाम झाला आहे, पण एके काळी ते एका खात्याचं विशेषनाम होतं. १६७३ ते १७०४ या काळात राज्य केलेल्या चिक्कदेवराज वोडेयरांनी म्हैसूर राज्यात नियमित टपालाची व्यवस्था उभी केली. तिचं नाव अंचे. कंपनी सरकारच्या टपालाहून कितीतरी आधीची ही गोष्ट. हैदर अलीने तिचा पुरेपूर उपयोग केला, १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यानंतर दिवाण पूर्णय्यांच्या कारभारात ती चालू राहिली, इंग्रज कमिशनरांच्या पन्नास वर्षांतही राहिली, आणि १८८९ मध्ये इंग्रजी टपाल खात्यात विलीन झाली. दोनशेहून अधिक वर्षांचं खातं गेलं. शब्द मात्र पाटीवर राहिला, आणि त्याने आपल्याला गिळणाऱ्या खात्यालाच आपलं नाव दिलं. आज टपाल कर्मचाऱ्यांना शिकवणारी संस्था म्हैसुरातल्या कारंजी मॅन्शन या राजघराण्याच्या जुन्या वाड्यात भरते. अंचे राजाची होती. आता तिचे वारस राजाच्या वाड्यात शिकतात.

कन्नडात 'अंचे' या शब्दाचा आणखी एक अर्थ आहे: हंस. नळाचा निरोप दमयंतीकडे नेणारा तो हंस. ही दोन 'अंचे' एकाच मुळाची असोत वा नसोत, बोलणाऱ्याच्या मनात त्या कधीच्याच एक झाल्या आहेत. आता यापुढची गंमत पाहा. आपल्या लष्कराच्या टपाल शाखेचं, म्हणजे आर्मी पोस्टल सर्व्हिस कोअरचं, प्रशिक्षण केंद्र नागपूरजवळ कामठीला आहे. १ मार्च १९७२ ला ही शाखा स्वतंत्र झाली. तिचं ब्रीद 'मेल मिलाप' आणि तिच्या चिन्हावर उडणारा हंस. सियाचिनच्या पायथ्याशी '५६ एपीओ' किंवा '९९ एपीओ' एवढ्या पत्त्यावर आईचं पत्र पोचवणाऱ्या शाखेने नळ-दमयंतीचा पक्षी निवडला, आणि म्हैसूरच्या भाषेत त्या पक्ष्याचं नाव आधीपासूनच 'टपाल' असं होतं.

पण हंसाची ही बाजू पांढरी आहे म्हणून दुसरी बाजू झाकू नये. म्हैसूरला रेसिडेंट राहिलेल्या मार्क विल्क्सने दक्षिण हिंदुस्थानच्या इतिहासात अंचेविषयी जे लिहिलं आहे त्याचा आशय असा: हे खातं बातमी पोचवण्यासाठी होतंच, पण बातमी काढण्यासाठीही होतं. ठिकठिकाणचे टपालाचे अधिकारी दरबाराचे विश्वासू होते आणि खालचे नोकर उघडउघड हेर. आपल्या पत्राची पिशवी ज्याच्या खांद्यावर, तोच आपल्या घरात कोण आलं-गेलं हे वर कळवणार. विल्क्स इंग्रज होता आणि देशी राजांविषयी त्याचा हात सढळ नव्हता हे मान्य करूनही ते वर्णन फेकून देता येत नाही, कारण मराठी माणसाला त्यात अनोळखी काही नाही. आपल्या कागदपत्रांत 'जासूद' हा शब्द पत्र नेणाऱ्यालाही लागतो आणि बातमी काढणाऱ्यालाही. पत्र नेणारा आणि बातमी काढणारा हे दोन निराळे धंदे आहेत असं त्या काळाने मानलंच नव्हतं.

मराठ्यांचं आणि म्हैसूरचं नातं तलवारीचं तसंच या जासुदांचंही. १७९० ते १७९२ च्या टिपूवरच्या मोहिमेत हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन श्रीरंगपट्टणापर्यंत आले, तेव्हा छावणीतून पुण्याकडे आणि मिरजेकडे पत्रांची सतत ये-जा होती. वासुदेवशास्त्री खऱ्यांनी 'ऐतिहासिक लेखसंग्रह' या मालेत पटवर्धन दप्तरातले कागद छापले म्हणून आज आपण ती मोहीम जवळून पाहू शकतो. त्या पत्रांखाली लिहिणाराचं नाव आहे, वर ज्याला लिहिलं त्याचं नाव आहे. कावेरीपासून कृष्णेपर्यंत ते कागद ज्यांच्या पायांनी गेले त्यांची नावं शोधावी लागतात, आणि बहुतेक वेळा त्यांच्या जागी 'जासूद जोडी' एवढीच नोंद भेटते. एक वाटेत पडला तर दुसऱ्याने पोचावं म्हणून जोडी.

मराठ्यांच्या इतिहासातला सर्वांत प्रसिद्ध निरोपही अशाच एका अनाम माणसाच्या हातात होता, आणि तो नाण्यांच्या भाषेत होता. १४ जानेवारी १७६१ ला पानिपत झालं. त्यानंतर काही दिवसांनी, उत्तरेकडे निघालेल्या नानासाहेब पेशव्यांच्या हाती भेलशाजवळ एका सावकाराचं पत्र पडलं. ते घेऊन कासीद दक्षिणेकडे चालला होता. पत्रात मोत्यांचा, मोहरांचा आणि खुर्द्याचा हिशेब होता. मोती म्हणजे भाऊसाहेब आणि विश्वासराव, मोहरा म्हणजे मोठे सरदार, आणि मोजता न येणारा खुर्दा म्हणजे बाकीचे सगळे. हा सांकेतिक हिशेब आपण शाळेपासून ऐकतो आणि पहिल्या दोन ओळींवर हळहळतो. मी मात्र वयाबरोबर त्या खुर्द्यापाशी अधिक थांबू लागलो आहे. सावकाराने निष्ठुरपणा केला नव्हता. व्यवहारात खुर्दा मोजत नाहीत, वजनाने घेतात, एवढंच त्याने लिहिलं. तो कासीदसुद्धा त्याच खुर्द्यातला.

मग प्रश्न असा येतो की अशा माणसाजवळ आपली ओळख सांगणारं काही होतं का? होतं. त्यालाही धातूचा तुकडा मिळत असे. पट्ट्यावर किंवा छातीवर लावायच्या पितळी पत्र्याला 'चपरास' म्हणत. कोणत्या कचेरीचा, कोणत्या साहेबाचा माणूस हे त्यावर कोरलेलं असे. चपरास लावतो तो चपराशी. उत्तरेत हा शब्द रूढ झाला, आणि मुंबई इलाख्यात त्याच माणसाला पट्ट्यावरून 'पट्टेवाला' म्हणू लागले. हे शब्द आपण इतके सहज वापरतो की त्यांत काय घडलं आहे ते दिसत नाही. माणूस काय करतो यावरून सुतार, लोहार, धोबी ही नावं पडली. चपराशाचं आणि पट्टेवाल्याचं नाव मात्र त्याच्या अंगावर काय बांधलं आहे यावरून पडलं. काम गेलं, नाव गेलं, पत्रा राहिला.

इथे बिल्ला आणि नाणं यांतला फरक नीट पाहायला हवा, कारण दोन्ही धातूचेच आणि दोन्हींवर चिन्ह कोरलेलंच. बिल्ला दिसावा म्हणून असतो, नाणं खिशात असतं. बिल्ला जगाला सांगतो की हा माणूस कुणाचा आहे. नाणं बरोबरीच्या माणसाला सांगतं की मी तुमच्यातला आहे. आणि सर्वांत मोठी गोष्ट, बिल्ला नोकरी सुटली की परत करावा लागतो. त्याचा मालक सरकार. नाणं दिलं ते दिलं. ज्या दिवशी पलटण बंद पडते, पदनाम रद्द होतं, कचेरीला कुलूप लागतं, त्या दिवशी बिल्ल्याला अर्थ उरत नाही, आणि नाण्याचा खरा अर्थ त्याच दिवशी सुरू होतो.

तारेच्या लोकांनी हे नाण्यावाचून साधलं होतं. डॉक्टर आणि रसायनशास्त्रज्ञ असलेल्या विल्यम ओशॉनेसीने कलकत्ता ते डायमंड हार्बर अशी तार टाकली, १८५१ मध्ये ती कामाला लागली, आणि १८५५ पासून सामान्य लोक पैसे भरून तार करू लागले. या धंद्याचं कौशल्य कानात आणि मनगटात होतं. आरंभी यंत्र कागदाच्या पट्टीवर खुणा उमटवायचं. पण हातावर यंत्राची कडकट्ट बसलेल्या लोकांना लवकरच कळलं की पट्टी पाहण्याची गरज नाही, आवाजावरूनच मजकूर लिहिता येतो. दुकानदार रुपया ऐकतो तसे ते अक्षरं ऐकू लागले. त्यापुढची पायरी अशी की तार कोण करतो आहे हेही ऐकू येऊ लागलं. टिंब आणि रेघ दोनच, पण प्रत्येकाच्या हाताची लय निराळी. कुणाची रेघ जरा लांबते, कुणी दोन अक्षरांमध्ये श्वास घेतल्यासारखा थांबतो. इंग्रजीत याला तारायंत्र्याची 'मूठ' म्हणत. आपल्याकडे अक्षराला वळण असतं. हे आवाजाचं वळण होतं. शेकडो मैलांवरचा, कधीही न पाहिलेला माणूस त्याच्या वळणावरून ओळखायचा, यापेक्षा मोठी ओळख कोणत्या चकतीवर कोरता येईल?

या ओळखीत एकोपाही होता. १९०८ मध्ये हिंदुस्थानातल्या आणि ब्रह्मदेशातल्या तारायंत्र्यांनी संप केला तेव्हा सरकारला हे नव्याने कळलं की साम्राज्य ज्या तारेवर चालतं ती तार आपल्या हातात नाही, ती चावीवर बोट ठेवणाऱ्यांच्या हातात आहे. या तारेलाही विल्क्सने सांगितली तशी काळी बाजू होती. १८५७ मध्ये दिल्लीहून अंबाल्याला गेलेल्या तारेने इंग्रजांना सावध केलं, आणि त्या तारायंत्र्यांचं स्मारक १९०२ मध्ये दिल्लीत उभं राहिलं. ते राज्य करणाऱ्यांचं स्मारक होतं. तारा तोडणाऱ्यांचा इतिहास दुसऱ्या वहीत लिहावा लागला. संदेशवहन कधी निरागस नसतं. जो निरोप पोचवतो तो कुणाचा तरी निरोप पोचवतो.

२०१३ च्या जुलैमध्ये, १४ तारखेच्या रात्री, आपल्या देशातली तार बंद झाली. शेवटच्या दिवशी लोकांनी रांगा लावल्या, नातेवाइकांना आणि स्वतःलाच आठवण म्हणून तारा केल्या. ज्या कागदाने एके काळी दारात माणसाचं काळीज थांबवलं होतं तो कागद त्या दिवशी हौसेची वस्तू झाला. पण मोर्स त्याआधीच गेला होता. त्या शेवटच्या तारा संगणकावरून गेल्या. म्हणजे लोक ज्या कडकट्टला निरोप द्यायला आले होते ती कधीच उठून गेली होती, आणि तिच्या जाण्याच्या दिवशी कुणी रांग लावली नव्हती.

लष्कराची स्मृती यापेक्षा शिस्तीची असते. १५ फेब्रुवारी १९११ ला फतेहगढला सॅपर्स अँड मायनर्समधून दोन सिग्नल कंपन्या वेगळ्या निघाल्या, आणि तो दिवस आजही कोअर ऑफ सिग्नल्सचा स्थापनादिवस म्हणून पाळला जातो. जबलपूर, महू आणि गोव्यात पणजीजवळ या शाखेची शिक्षणाची ठाणी आहेत. चिन्हावर रोमन देवांचा दूत मर्क्युरी आहे. शाखेतले लोक लाडाने त्याला 'जिमी' म्हणतात. ब्रीद 'तीव्र चौकस'. हिंदीत त्याचा अर्थ वेगवान आणि सावध. मराठी माणसाच्या कानाला मात्र त्यात आणखी काही ऐकू येतं, कारण मराठीत चौकस म्हणजे चौकशी करणारा, कान देणारा. विल्क्सने अंचेविषयी जे पानभर लिहिलं ते या एका शब्दाच्या दोन भाषांतल्या दोन अर्थांत बसतं.

या शाखेतही धंदे येतात आणि निवृत्त होतात. आरशाने सूर्यकिरण परावर्तित करून डोंगरावरून डोंगरावर मोर्स पाठवणारा हेलिओग्राफ गेला. मोटरसायकलवरून लखोटे नेणारा डिस्पॅच रायडर हा एके काळी शाखेचा कणा. रेडिओ खराब, तार तुटलेली, अशा वेळी तोच निघायचा. त्याचं काम आटलं, पण कसरत राहिली. प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात मोटरसायकलींवर मनोरे रचणारं सिग्नल्सचं 'डेअर डेव्हिल्स' पथक आपण टाळ्या वाजवून पाहतो; त्याचा आरंभ १९३५ चा. मनोऱ्याच्या टोकावर उभा असलेला जवान जे करतो ते युद्धात कुणी करत नाही, पण खड्ड्याखळग्यांच्या रस्त्यावर गाडीचा तोल न सोडणाऱ्या त्या जुन्या निरोप्याचं तो एक प्रकारे श्राद्धच घालत असतो, ठरल्या तिथीला.

आपल्या लष्करात आठवणीची पारंपरिक वस्तू म्हणजे मेसमधली चांदी आणि लाकडी ढालीवरचं चिन्ह. अलीकडे इथेही नाणी दिसू लागली आहेत. आपटून पेल्याचे पैसे वसूल करण्याचा खेळ तितकासा रुजलेला नाही. इथे नाणं मखमलीच्या डबीत येतं, आणि घरी गेल्यावर काचेच्या कपाटात, गणपतीच्या आणि लग्नाच्या फोटोच्या शेजारी उभं राहतं. अमेरिकन माणूस ते खिशात ठेवतो, आपण देव्हाऱ्याजवळ. पण ते डबीत जितकं राहील तितकं ते पदक होत जाईल. पदक वरून खाली मिळतं; नाणं अर्धं तरी शेजारच्याकडून आलेलं असावं लागतं.

शेजारच्याकडून मिळणाऱ्या अशा खुणेचं एक गणवेशाबाहेरचं रूप आहे, आणि त्याच्याकडे वळताना म्हैसूर पुन्हा वाटेत येतं. १० सप्टेंबर १९३५ ला महाराजा कॉलेजात मानसशास्त्र शिकवणाऱ्या प्रा. एम. व्ही. गोपालस्वामींनी आपल्या 'विठ्ठल विहार' या घरातून एक छोटं नभोवाणी केंद्र सुरू केलं. त्याचं नाव 'आकाशवाणी'. १९५० च्या दशकात सगळ्या देशाच्या नभोवाणीने तेच नाव घेतलं. अंचेप्रमाणेच इथेही छोट्या घराने मोठ्या घराला नाव दिलं. हौशी बिनतारीवाले, म्हणजे 'हॅम', आजही म्हैसुरात आहेत, आणि जगभर या मंडळींनी मोर्स हौसेने जिवंत ठेवला आहे. त्यांची नाणी कागदाची असतात. दूरच्या कुणाशी बोलणं झालं की एकमेकांना टपालाने 'क्यूएसएल' कार्ड पाठवायचं. तुझा आवाज माझ्यापर्यंत आला, एवढीच त्यावर पोच. बोलणं संपवताना ते अजूनही '७३' हा आकडा पाठवतात. एकोणिसाव्या शतकातल्या तारायंत्र्यांच्या संक्षेपांतून आलेला तो नमस्कार. आणि त्यांच्यातलं कुणी वारलं की त्याला 'सायलेंट की' म्हणतात, म्हणजे गप्प झालेली चावी. बंद पडलेल्या धंद्याची याहून शहाणी परंपरा मी पाहिलेली नाही. त्यांनी वस्तू जपली नाही, रीत जपली.

नाण्याविषयीची माझी शंका इथेच आहे. चकतीवर चावी कोरता येते, वीज कोरता येते, पलटणीचा आकडा कोरता येतो. मनगटाची लय कोरता येत नाही. काठीच्या घुंगरांचा आवाज रात्रीच्या रानात किती लांबून ऐकू येतो, पुढच्या टप्प्यावरचा माणूस तो ऐकून पागोटं बांधत कसा उठतो, हे कुठल्याच धातूवर उमटत नाही. म्हैसूरच्या चौकांत राजांचे संगमरवरी पुतळे छत्र्यांखाली उभे आहेत. ज्यांनी दोन शतकं त्या राजांचा शब्द राज्यभर पोचवला त्यांच्या वाट्याला एक चपरास आली, आणि तीही परत घेतली गेली. तेव्हा निवृत्त मोर्सवाल्याने आपलं नाणं टेबलावर आपटलं तर मला हसू येत नाही. तो फक्त एवढंच म्हणत असतो की मला खुर्द्यात धरू नका.

म्हैसूरच्याच इतिहासात एक विलक्षण नाणं आहे. १६३८ ते १६५९ या काळात राज्य केलेल्या कंठीरव नरसराज वोडेयरांनी टांकसाळ काढून सोन्याचे हण पाडले. मसुराच्या डाळीहून फार मोठा नसलेला तो ठिपका, आणि त्यावर नरसिंह. असे दहा हण म्हणजे एक कंठीराय वरहा. हण हातात घेता येत होता. वरहा मात्र कधी पाडलाच गेला नाही. तो फक्त हिशेबात होता. तरी हण पाडणारा राजा गेल्यावर दीडशे वर्षांनीही राज्याचा वसूल, तहातल्या मुलखाच्या रकमा कंठीराय वरहांत लिहिल्या जात होत्या. कुणाच्या तळहातावर कधीही न पडलेल्या नाण्यात सगळं राज्य मोजलं जात होतं, आणि त्या मोजणीत कुणाला काही कमी वाटत नव्हतं. जासूद, अंचेचा धावणारा, तारायंत्र्या, हेलिओग्राफवाला यांची किंमत मला त्या वरहासारखी वाटते. ती पाडली गेली नाही. पण तिच्याशिवाय हिशेब लागत नाही.